तीन पेनांचं रजिस्टर

त्यांना सगळे शिक्केकाका म्हणत. खरं नाव विचारलंत तर निम्म्या गिऱ्हाइकांना सांगता आलं नसतं, आणि काकांनाही त्याचं काही वाटत नसे. काखेत रेक्झिनची बॅग, बॅगेत शाईचे दोन पॅड, सात-आठ रबरी शिक्के, टाचण्यांची डबी आणि कोरे अर्ज. माणूस दुकानात शिरला की आधी हात धुणार, मग भटारखान्यात डोकावणार आणि मग मालकाला म्हणणार, "बोला, काय वाकडं झालंय?"

वाकडं कायम झालेलंच असे. वकीलसाहेबांचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं, आणि तिथे एकाच प्रकारचं काम चाले: खाण्यापिण्याच्या धंद्यांची कायद्याची बाजू सांभाळायची. उपाहारगृहं, ज्यूसची दुकानं, बेकऱ्या, एक-दोन बार. लायसन्स काढा, त्याचं नूतनीकरण करा, पाण्याच्या तपासणीचा दाखला आणा, नोटिशीला उत्तर द्या. साहेब कोर्टात उभे राहायचे. बाकीचे सगळे कागदी घोडे काका नाचवायचे, सव्वीस वर्षं.

आणि लोकांना काका हवेसे वाटायचे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या देऊन मोकळे व्हाल. एकदा एका अधिकाऱ्याने सूपवाल्याची गाडी उचलायचं फर्मान काढलं, तेव्हा काकांनी तिथेच फूटपाथवर उभं राहून कलम वाचून दाखवलं. चौदा दिवसांची मुदत दिल्याशिवाय गाडीला हात लावता येत नाही. अधिकारी निमूट गेला. सूपवाल्याच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गरिबाला कायदा माहीत नसतो आणि त्याच्याच जोरावर त्याला नागवतात, याची काकांना मनापासून चीड होती. ती चीड खोटी नव्हती. खोटी होती ती रजिस्टरं.

नियम असा की फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा बघायचं आणि लिहून ठेवायचं. कोण लिहितं हो? समोर गिऱ्हाईक ओरडतंय, मागे दूध उतू जातंय, आणि माणूस थर्मामीटर घेऊन बसणार? "हा नियम करणाऱ्याने जन्मात गल्ल्यावर बसून बघितलेलं नाही," काका म्हणायचे. म्हणून तपासणीची तारीख कळली की ते स्वतः दुकानात जात आणि एका बैठकीत तीन महिन्यांचं रजिस्टर लिहून काढत. त्यासाठी तीन पेनं लागत. एक निळं, एक काळं, आणि एक शाई संपत आलेलं निळं. आकडे कधी सारखे येऊ द्यायचे नाहीत. आज चार अंश, उद्या साडेचार, परवा तीन. मधेच एखाद्या पानावर कपाचा गोल डाग. मालकाने फक्त शेजारी सह्या करत जायचं. "फार शहाणं रजिस्टर दिसलं तर संशय येतो. थोडं वेंधळं हवं," असं म्हणून काका स्वतःच खुदकन हसत. अशी एकसष्ट दुकानं होती.

बासष्टावी बेकरीवाली ताई. नवरा गेल्यावर तिने एकटीने भट्टी चालू ठेवली होती. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग, आवाज खणखणीत, आणि हिशेबाला चोख. एक मुलगी होती, तीही आईबरोबर पहाटेपासून राबायची. ताई काकांकडे आली ती नूतनीकरणासाठी. सोमवारी तपासणी होती, म्हणून काका शुक्रवारी सकाळी बॅग घेऊन पोचले.

"रजिस्टर नसेलच," ते खुर्चीत बसता बसता म्हणाले.

"नसेल कसं? हे काय." ताईने एक जाडजूड वही पुढे केली.

काकांनी वही उघडली आणि कपाळाला हात लावला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खरंच लिहिलं होतं! तुपाचे डाग, खाडाखोड, अकरा अंश, नऊ अंश, "आज विसरले", "दार नीट लागत नाही". आणि परवाच्या बुधवारी अर्धं पान भरून लिहिलेलं: फ्रीज सकाळपासून बंद. घरचं क्रीम सगळं फेकलं. गुरुवारची बनची ऑर्डर आहे म्हणून क्रीमच्या डीलरकडून तीन खोकी आणली. खाली खोक्यांवरचे नंबर, आणि डीलरची पावती टाचणीने लावलेली.

"अहो ताई, ही काय रोजनिशी आहे?"

"तुम्हीच म्हणता ना लिहायला पाहिजे?"

"लिहायला पाहिजे म्हणजे बरं दिसेल असं लिहायला पाहिजे! अकरा अंश बघितला की अधिकारी लायसन्स लटकवणार. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण."

"पण खरं तेच आहे, काका. फ्रीज बंद पडला तर मी माल फेकला. त्यात लपवायचं काय?"

काकांना तिचं कौतुकही वाटलं आणि रागही आला. शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीसारखी ही. त्यांनी बॅगेतून नवं कोरं रजिस्टर काढलं, तीन पेनं ओळीने मांडली आणि दुपारपर्यंत तीन महिने लिहून काढले. बुधवारच्या रकान्यात सकाळी चार अंश, संध्याकाळी साडेचार. ताई सह्या करत गेली. शेवटी हातातलं पेन ठेवून ती म्हणाली, "आणि ती वही?"

"दोन रजिस्टरं सापडली तर मेलात," काका म्हणाले, आणि उठून त्यांनी आपल्या हाताने ती वही भट्टीत टाकली. पावतीसकट. पावती लावलेली आहे हे त्यांनी बघितलं होतं. त्यांच्या डोक्यात आलं नाही, एवढंच.

त्याच संध्याकाळी अधिकारी दारात. सोमवारचे नव्हेत, दुसरेच. गुरुवारी एका ऑफिसात कुणाचा तरी निरोपसमारंभ होता, तिथे ताईचे क्रीमचे बन गेले होते. तेवीस माणसं दवाखान्यात पडली होती. शनिवारी त्यातले एक म्हातारे शिपाई गेले. समारंभ त्यांचाच होता.

आता डोळ्यांपुढे आणा. डीलर म्हणतो, मी या बाईला बुधवारी क्रीम विकलंच नाही. आणि रजिस्टर, सुंदर तीन पेनांनी लिहिलेलं, म्हणतं की फ्रीज बुधवारी ठणठणीत होता. फ्रीज ठणठणीत, तर क्रीम फेकलं कशाला? बाहेरून आणलं कशाला? म्हणजे क्रीम बाईचंच. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याची चिठ्ठी ताईच्या मुलीने शोधून आणली, तर सरकारी वकील हसले. रजिस्टरवर आरोपीच्या एकशे ऐंशी सह्या आहेत, आम्ही चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा की सह्यांवर? झालं! सगळं मुसळ केरात.

ताईची केस वकीलसाहेबांकडेच होती. काका त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"साहेब, वही मी जाळलीय. रजिस्टर मी लिहिलंय. मी उभा राहून सांगितलं तर?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर डीलरला बोलवावं लागेल. त्याच्या गोदामातला माल तपासावा लागेल. संशयाचा फायदा तिला मिळेल. सुटेल कदाचित."

"मग?"

"मग तुम्ही आत जाल. पुरावा जाळणं, खोटं रजिस्टर करणं. आणि अधिकारी तुमचं अक्षर घेऊन बाकीची एकसष्ट दुकानं धुंडाळतील. तो सूपवाला आता दुकान काढून बसलाय ना? त्याचंही रजिस्टर तुमच्याच हातचं. आणि मला काय माहीत होतं, काय नव्हतं, ते मी आत्ता बोलत नाही." त्यांनी चष्मा परत लावला. "तिला एवढंच सांगा, रजिस्टरमध्ये आहे तेच बोल. उलटसुलट बोललीस तर आणखी अडकशील."

हा निरोप काकांनी ताईला पोचवला. शब्द न शब्द पोचवला. फक्त "सुटेल कदाचित" एवढे दोन शब्द त्यांनी गाळले.

घरी बायकोपासून काही लपत नसे. तिने ताट पुढे ठेवलं आणि समोर बसली.

"तुम्ही बोललात तर ती सुटेल, हे तिला सांगितलंत का?"

"मुलीचं लग्न ठरलंय आपल्या. तीन महिन्यांवर आलंय."

"मी काय विचारलं?"

"एकसष्ट घरं आहेत गं. सगळ्यांच्या पोटावर पाय येईल."

"एकसष्ट घरांचं मला सांगू नका. तुम्ही घाबरलायत." ती उठली. "घाबरा. मीही घाबरलेय. पण त्याला लोकांचं नाव देऊ नका."

काका जेवले नाहीत. तसे ते नंतर महिनाभर नीट जेवलेच नाहीत. वजन उतरलं, आणि लोक म्हणाले, बघा, गिऱ्हाइकासाठी माणूस किती जीव जाळतो. खरंच धावपळ करत होते हो ते! जामिनासाठी पळाले, मुलीला धीर दिला, म्हाताऱ्या शिपायाच्या घरी जाऊन त्याच्या मुलापुढे हात जोडून उभे राहिले. तो म्हणाला, "तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही काय केलंय?" काकांनी जोडलेले हात सोडले आणि चपला घातल्या. करायचं ते एकच काम सोडून त्यांनी सगळं केलं.

ताईच्या जबाबाच्या दिवशी कोर्टात पंखा बंद होता. काका साहेबांच्या मागच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसले होते. सरकारी वकिलांनी रजिस्टर तिच्या हातात दिलं.

"या सह्या तुमच्या?"

"हो."

"बुधवारी तुमचा फ्रीज चालू होता?"

ताईने रजिस्टर बघितलंच नाही. तिने मान वळवली आणि सरळ काकांकडे बघितलं. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं, घड्याळाकडे नजर टाकली. काकांच्या मनात आलं, उठावं. अगदी पायात ताकद आली होती, फाईल बाजूला ठेवायला हात उचललाही होता. मग साहेब नुसते खाकरले. हात फाईलवर परत आला आणि काकांनी फाईलच्या दोरीची सुटलेली गाठ बांधायला घेतली.

"बाई, उत्तर द्या."

"रजिस्टरमध्ये लिहिलंय तसंच," ताई म्हणाली.

शिक्षा झाली तीन वर्षं. डीलरला साधी नोटीसही गेली नाही. उन्हाळ्यात त्याने गोदाम वाढवलं.

निकाल वाचून झाल्यावर तिला खाली न्यायच्या आधी व्हरांड्यात पाच मिनिटं दिली. मुलगी कपड्यांची पिशवी आणायला धावत गेली होती. साहेब पायरीवर फोनवर बोलत होते. पोलीसबाई जरा लांब उभी राहिली. काका जवळ गेले. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं: अपील करू, वरच्या कोर्टात नक्की होईल, तुम्ही काळजी करू नका. त्यातलं तोंडातून एवढंच निघालं, "ताई, अपील..."

"मुलीचं लग्न छान झालं म्हणे तुमच्या," ताई म्हणाली.

"हो. मागच्या आठवड्यात."

"बरं झालं. माझी मुलगी म्हणत होती, काकांचं नाव सांग, त्यांनीच वही जाळली. मी म्हटलं, मुलीचं कार्य आहे त्यांच्याकडे. आणि मी नाव घेतलं तर तो काय, आरोपीचा कांगावा. कोण विश्वास ठेवणार? त्यांनी स्वतः सांगितलं तर गोष्ट वेगळी." तिने पदराने गळ्याचा घाम पुसला. आवाज चढलेला नव्हता, दुकानात पावाची ऑर्डर लिहून घ्यावी तसा होता. "म्हणून वाट बघितली, काका. त्या दिवशी पिंजऱ्यात उभी होते ना, तेव्हाही बघितली. तुमचा हात उचललेला दिसला मला. मला वाटलं, आता उठणार."

काकांचे ओठ हलले.

"नका काही बोलू आता," ताई म्हणाली. "आता बोलून मला परत वाट बघायला लावू नका."

पोलीसबाईने तिचा दंड धरला. जिना अरुंद होता, दोघी एकामागे एक उतरल्या. मुलगी पिशवी घेऊन धापा टाकत आली. तिने काकांकडे एकदा बघितलं आणि तशीच जिन्याने खाली धावली.

साहेबांनी फोन खिशात टाकला आणि पायरीवरून हाक मारली. ज्यूसवाल्याच्या प्रकरणाचा पुकारा झाला होता, फाईल काकांकडे होती. काकांनी ती शोधली, तिच्यावरची धूळ हाताने झटकली आणि ते साहेबांच्या मागोमाग आत गेले.