बाभळीवरून पडलेले गवंडी

नातवंडांनो, तुमच्यातल्या थोरल्यानं लिहिलं आहे की मंदी आल्यापासून त्याच्या बांधकामांवरचे अपघात कमी झाले. त्याला ते भूषण वाटतं. मला राग आला, म्हणून आजच लिहायला बसले. सोलापूरची एक केस माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

तुमचे आजोबा तेव्हा फौजदार होते. त्यांचे रिपोर्ट इंग्रजीत उतरवून मी सुवाच्य नक्कल करायची. कापडाला उठाव होता तोवर गवंडी परांचीवरून पडत आणि तसंच लिहिलं जाई. मंदीत कामं बंद पडली, गिरणीच्या एकाच इमारतीचं बांधकाम चालू राहिलं. तिथून अपघाताची खबरच येईना. मात्र त्याच भागात झाडावरून पडलेले तीन गवंडी मी रिपोर्टांत उतरवले. चौथा आला तेव्हा टाक खाली ठेवला आणि विचारलं, "गवंडी एवढे झाडावर का चढतात हो?"

आजोबा चिडले, पण चौकशीला गेले. सगळ्यांचे जबाब पाठ केल्यासारखे: शेळ्यांसाठी शेंगा पाडायला बाभळीवर चढला, पडला. सरकारी दवाखान्यात तो चौथा गवंडी पाठ मोडून पडला होता. नखांत चुना होता. अंगावर ओरखडा नव्हता.

"बाभळीवरून पडलास, आणि काटा एकही नाही?" आजोबांनी विचारलं.

त्याची बायको म्हणाली, "झाडावरनंच पडलं म्हणा की, साहेब. धाकला दीर अजून परांचीवर हाय. हे काम गेलं तर दुसरं कुटं न्हाय."

"परांचीचे दोरही तेच आहेत ना? उद्या दिराला कुठल्या झाडाखालून आणाल?"

ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "सांगा की वो."

"काथ्या कुजलाय," तो म्हणाला. "मुकादमाला दोनदा दावला. म्हणला, गेटाबाहेर माणसं लई हायती."

मुकादम चौकीत हसत आला. आजोबांनी जप्त केलेला दोर आढ्याला बांधला आणि त्याला लटकून दाखवायला सांगितलं. त्यानं हात लावला नाही. जखमींना झाडाखाली नेऊन ठेवण्याचा हुकूम ठेकेदाराचा होता, हे मग कबूल केलं.

ठेकेदाराला दंड झाला. दोर बदलले, टोळीही बदलली. दीर त्याच आठवड्यात कामावरून गेला. गवंडी पुन्हा उठून बसला नाही.

तेव्हापासून अपघात कमी झाले असं कुणी सांगितलं की मी विचारते, माणसं पडायची थांबली की बोलायची? थोरल्या, तूही तुझ्या माणसांना विचार. मुकादमासमोर नको.

पहिल्या तीन रिपोर्टांची दुरुस्ती कधीच झाली नाही. माझ्या वळणदार अक्षरात ते तिघे झाडावरूनच पडले आहेत. त्यांचे कच्चे मसुदे अजून माझ्या पेटीत आहेत.