प्लास्टिकचा हिरा

मंगरूळपीरला आमच्या शेजारी तहसिलातले एक बाबू राहत. तेव्हा प्लास्टिकच्या बादल्या नव्यानंच आल्या होत्या. कोणाची फुटली की बाबू हजर. तुकडा आधी नाकाशी धरत, मग पिशवीत टाकत.

"प्लास्टिकमंदी कार्बन, हिऱ्यामंदीबी कार्बन," ते म्हणत. "फरक कायचा? दाबाचा!"

गल्ली हसायची, पण फुटके कंगवे त्यांनाच आणून द्यायची आणि हळूच म्हणायची, "हिरा निंगाला तं आमाले इसरू नका."

एका रविवारी त्यांनी बायकोच्या कुकरमध्ये तुकडे भरले, झाकणावर जात्याची दगडी तळी ठेवली आणि स्टोव्ह पेटवला. दुपारी मोठा आवाज झाला, छपरावरचे कवेलू उडाले. बाबू भुवया जाळून बाहेर आले. सारी गल्ली धावली. लागलं का, हे कोणीच विचारलं नाही.

"हिरा कुठी उडाला?"

बाबूंनी शांतपणे तुंबलेल्या नालीकडे बोट दाखवलं. सगळे कोपरापर्यंत गाळात शिरले. संध्याकाळी नाली खळखळ वाहत होती.

त्यांच्या भाजलेल्या हाताला मलम लावताना मी विचारलं, "खरंच नालीत पडला का हो?"

"कायचा हिरा! डांबर होऊन भिंतीले चिकटलं," ते म्हणाले. "पन या नालीसाठी अर्ज करून करून मी थकलो होतो."