बूट, आकडी आणि प्रार्थना

शिराळ्यात घरात साप निघाला की आम्ही गावातल्या एका सर्पमित्रांनाच बोलावतो. ते ख्रिस्ती. आधी डोळे मिटून प्रार्थना, मग गुडघ्यापर्यंतचे बूट, मग लोखंडी आकडी. सगळं झोपेत चालल्यासारखं सावकाश.

त्या दुपारी माझी लेक पाळण्यात झोपली होती आणि खाली नाग. पाळणा हलेल तसा फणा डोलत होता.

शेजारचा पैलवान दारातून म्हणाला, "आवं, हातानंच धरा की! तुमचा येशू राखंल."

"राखंल की," ते बूट चढवत म्हणाले. "म्हणून त्याला परीक्षेला बसवू व्हय?"

मी घरातला पहिला पदवीधर. प्रत्येक पेपराआधी नवस बोलून मी देवालाच परीक्षेला बसवलं होतं.

नाग पिशवीत गेला. त्यांनी गाठ मारली आणि ती दोनदा ओढून पाहिली. त्याच हातांनी पाळण्याला हलका झोका देऊन ते निघाले.