डाक एडिशनमधली कुस्ती

अमेरिकेतल्या कुठल्याशा शहरात एका पैलवानाने दुसऱ्याच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली आणि त्यामुळे इंदूरला माझे सासरे माझ्याशी बोलेनासे झाले. या दोन घटनांमधला संबंध क्रमाने सांगतो.

त्या काळात शहरातल्या मिल एकामागून एक बंद होत होत्या आणि टीव्हीवरची चॅनेलं एकामागून एक सुरू होत होती. सरकार याला उदारीकरण म्हणत होतं. परदेशीपुऱ्यात, म्हणजे इंदूरच्या मिल कामगारांच्या वस्तीत, त्याचा अर्थ एवढाच होता, की माणसाला दिवसभराचा रिकामा वेळ मिळाला आणि तो घालवायची सोयही घरपोच झाली. पप्पू केबलवाल्याने बंद मिलच्या भिंतीवरून, पिंपळावरून आणि लोकांच्या वाळत घातलेल्या धोतरांमधून तार नेली होती. विजेचा खांब तेवढा त्याने टाळला होता. (तो सरकारी होता!)

मी तेव्हा एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. एके दिवशी संपादक तिवारीजींनी बोलावून घेतलं.

"डिश पे वो जो विदेशी कुश्ती आती है, उसकी समीक्षा चाहिए. गंभीर. तथ्यपरक."

"मैं क्यों, सर?"

"आपके ससुरजी पहलवान हैं ना? बाकी सबके तो बाबू हैं."

निवड योग्यतेवर झाली होती, तक्रारीला जागा नव्हती.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, मिलच्या विणाई खात्यात होते आणि मिलच्या आखाड्याचे उस्ताद होते. मिल बंद झाली, आखाडा उरला. पण तो मिलच्याच जमिनीवर, आणि नागपंचमीची दंगल, म्हणजे कुस्त्यांचा फड, झाली की फाटकाला कायमचं कुलूप लागणार होतं. नवी जागा एकच नजरेत होती. राजवाड्यापाशी कापडाचं दुकान असलेल्या एका शेठजींच्या गोदामामागे रिकामा प्लॉट होता. तो अण्णांना आखाड्यासाठी हवा होता आणि पप्पूला व्हिडिओ हॉलसाठी. शेठजी दोघांनाही एकच उत्तर देत: "पहले दंगल हो जाने दो. फिर देखेंगे."

समीक्षेसाठी मी सासुरवाडीला गेलो. आमच्याकडे केबल नव्हतं, अण्णांकडे होतं. (पप्पूने ते फुकट दिलं होतं. प्रतिस्पर्धी घरात बसलेला बरा, हा त्याचा हिशेब.) खोलीत अण्णा, सासूबाई, माझी बायको मंदा आणि अण्णांचा लाडका पठ्ठा किसन असे बसलो. किसन त्या वर्षीच्या मुख्य कुस्तीत उतरणार होता.

पहिला पैलवान धुरातून बाहेर आला.

"अगंबाई, आग लागली का?" सासूबाईंनी विचारलं.

"एन्ट्री आहे, काकू," किसन म्हणाला. त्याची पापणी लवत नव्हती. वार्ताहर म्हणून मी ही गोष्ट टिपायला हवी होती. मी पैलवानाची उंची टिपत होतो.

पैलवानाने लाल झगा सोडला, माइक घेतला आणि बराच वेळ सगळ्यांना शिव्या दिल्या.

"लढायच्या आधी एवढं बोलतो," अण्णा म्हणाले, "मग दम काय बाजारातून आणणार?"

मग कुस्ती सुरू झाली. म्हणजे एकाने दुसऱ्याला कुंपणाच्या दोरीवर फेकलं, दुसरा पतंगासारखा परत आला आणि तिसराच कोणीतरी खुर्ची घेऊन आत शिरला.

"पंच कुठे बघतोय?" अण्णा उभे राहिले. "अरे मागे बघ! मागे! खुर्ची आणली त्याने!"

पंच अमेरिकेत होता. त्याने मागे बघितलं नाही. उलट त्याला जरासा धक्का लागला आणि तो बेशुद्धच पडला. त्याच्या बेशुद्धीत खुर्चीचं काम उरकलं. ते उरकताच तो शुद्धीवर आला आणि तीन आकडे मोजून मोकळा झाला.

"ओळखला!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "मिलच्या वाटाघाटीत मध्ये बसायचे ना ते साहेब, तेपण ऐन टायमाला असेच बेशुद्ध पडायचे."

"मला तर बाई आवडलं," सासूबाई म्हणाल्या. "रडारड नाही, सासू-सून नाही. भांडले, घरी गेले."

समीक्षा मी एका बैठकीत लिहिली. ती कठोर होती. तिच्यातलं मुख्य वाक्य मराठीत असं होईल: 'या प्रकारात विजेत्याचे नाव लढतीपूर्वीच कागदावर लिहिलेले असते, आपल्या मातीत हे घडणे अशक्य आहे.'

तिवारीजी खूश झाले. "इसके बगल में नागपंचमी की दंगल लगाओ. इधर नकली, उधर असली. पन्ना चमक जाएगा!"

इथे एक तांत्रिक अडचण होती. महू, मानपूर अशा बाहेरगावांसाठी आमची वेगळी आवृत्ती निघे, तिला डाक एडिशन म्हणत. ती शहराच्या अंकाच्या कितीतरी आधी छापून टॅक्सीने रवाना होई. दंगलीतली मुख्य कुस्ती व्हायची दिवस मावळताना, आणि डाकेचं पान तोवर मशिनवर चढलेलं असायचं.

"विजेता की जगह खाली छोड़ दूँ?" मी विचारलं.

"क्यों? लोग उसमें अपने फूफाजी का नाम भरेंगे? अरे, आपको तो मालूम है कौन जीतेगा."

मालूम होतं. किसन म्हणजे दरवाज्याएवढा गडी, घरच्या मातीत कधी हरला नव्हता. समोर महूचा लखन, अंगाने सायकलच्या पंपासारखा. मी सर्व बाजूंनी विचार केला आणि बातमी लिहिली: किसनने लखनला कलाजंग डावावर चीतपट केले. प्रमुख पाहुणे शेठजींच्या हस्ते चांदीची गदा देण्यात आली. त्या वेळी शेठजींचे डोळे पाणावले. (बातमीत थोडी माणुसकी असावी, असं आम्हाला शिकवलेलं होतं. ती मी डोळ्यांत घातली.)

पान सोडलं आणि स्कूटरला किक मारून घडलेली घटना बघायला निघालो.

आखाड्याभोवती माणूसच माणूस. महूहून ट्रक भरभरून लोक आले होते. लखन आला, माती कपाळाला लावली आणि कोपऱ्यात उभा राहिला. मग उदबत्तीचा मोठा धूर झाला आणि धुरातून किसन आला. अंगात लाल झगा! झगा ओळखीचा होता. सासूबाईंच्या बाहेरच्या खोलीचा पडदा होता तो.

"किसन, जपून हं!" सासूबाई बायकांच्या बाजूने ओरडल्या. "दिवाळीला परत लावायचाय!"

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी काही म्हणायच्या आत किसनने निवेदकाच्या हातून माइक घेतला.

"ओ महूवालों! रोटी बाँध के लाए हो कि घर जा के रोओगे?"

पब्लिक पेटलं. किसनने टीव्हीवरच्या पैलवानासारखा, ऐकू येत नाही अशा थाटात, कानाला हात लावून एका बाजूला तोंड केलं, तिकडून आरोळी आली. दुसऱ्या बाजूला केलं, तिकडून आली. तेवढ्यात पंचाने कुस्ती सुरू झाल्याचा इशारा दिला.

"किसन्या! मागे बघ! मागे!" अण्णांनी बेंबीच्या देठापासून हाक मारली.

किसनला वाटलं, उस्तादही आरोळी देताहेत. त्याने प्रेमाने त्यांना हात केला. लखन शांतपणे मागून आला, खाली वाकला आणि किसनचे दोन्ही पाय उचलले. पडद्यात गुंडाळलेला किसन मातीवर उताणा पडला, तेव्हाही त्याचा एक हात कानालाच होता!

मी एसटीडी बूथकडे धावलो.

"तिवारीजी, किसन हार गया!"

"किससे?"

"लखन से! डाक रोको!"

"डाक तो राऊ पार कर गई होगी भिया. सिटी में ठीक कर देते हैं."

तर त्या दिवशी आमच्या वृत्तपत्रानुसार इंदूरला लखन जिंकला आणि महूला किसन. त्यात महू हे जगातलं असं एकमेव गाव होतं, जिथल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी ती कुस्ती डोळ्यांनी बघून आलं होतं.

सकाळी अण्णांच्या दारात टेम्पो उभा राहिला. त्यातून महूचे उस्ताद ठाकूरजी उतरले, मागे त्यांची मंडळी. मी तिथेच होतो, मंदाने अण्णांची समजूत घालायला मला पुढे पाठवलं होतं.

"उस्तादजी, ये आपके जमाई ने लिखा है?" ठाकूरजींनी अंक उघडला. "इधर लिखा है कि टीवी पे जीतने वाले का नाम पहले से लिखा रहता है. और ये बगल में लिखा है कि किसन जीता. मतलब अपने यहाँ भी तय था? हमारे लड़के ने सच में लड़ ली, तो गलती हो गई?"

अण्णांनी अंक हातात घेतला. दोन्ही मजकूर सावकाश वाचले.

"जावईबापू, हे तुम्ही कधी लिहिलंत?"

"दुपारी."

"कुस्ती कधी झाली?"

"संध्याकाळी."

"हं," अण्णा म्हणाले. त्यांचं माझ्याशी झालेलं हे त्या काळातलं शेवटचं बोलणं.

एवढ्यात शेजाऱ्यांकडे शेठजींचा फोन आला. शेठजींचं दुकान इंदूरला असलं तरी राहणं महूला होतं. (ही माहिती बातमी लिहिताना उपयोगी पडली असती.) ते डासांना कंटाळून मुख्य कुस्तीच्या आधीच घरी गेले होते. त्यांचा आवाज फोनपासून हातभर लांबूनही ऐकू येत होता.

"उस्तादजी, हम तो घर पे खिचड़ी खा रहे थे! हम रोए कब?"

गल्लीच्या तोंडाशी पप्पू केबलवाला अंकाची घडी घेऊन उभाच होता. जाताना मला म्हणाला, "क्या भिया, मेरी वाली तो फिर भी खुल्ले में नकली है."

आता प्रश्न फक्त प्लॉटचा राहिला नव्हता. उभ्या जन्मात ज्याने ठरवून एक कुस्ती होऊ दिली नाही, त्या माणसाच्या नावाला मी बट्टा लावला होता, आणि तोही तीन कॉलममध्ये. घरी गेल्यावर मंदाने एकच विचारलं:

"थोडं थांबता नव्हतं येत?"

"अंक थांबत नसतो, मंदा."

"हो का? मग आजपासून जेवणसुद्धा डाक एडिशन. सकाळीच वाढून झाकून ठेवीन."

तिने ते केलं! रात्री मी थिजलेलं वरण खात असे आणि ती शेजारी बसून गरम भात खात असे. त्याला ती सिटी एडिशन म्हणे.

दोन दिवसांनी अण्णा स्वतः महूला गेले. कुस्ती पुन्हा होईल, महूच्या मातीत, महूचाच पंच, आणि शेठजी समोर बसतील, असं ठरवून आले. मला निरोप मंदामार्फत मिळाला. मी त्याच खोलीत होतो.

"मंदे, सांग त्याला. यायचं असेल तर ये म्हणावं. पेन आणायचं नाही."

"अण्णा, ते ऐकताहेत."

"तरी सांग."

महूला दारावर ठाकूरजींच्या माणसांनी माझे खिसे तपासले. एक रिफिल सापडली, ती जप्त झाली.

ही कुस्ती मला नीट आठवते, कारण मला फक्त बघायचं काम होतं. झगा नाही, धूर नाही, माइक नाही. किसन लंगोटात आला, मातीला नमस्कार करून गप्प उभा राहिला. मग दोघे एकमेकांना भिडले आणि जवळजवळ तसेच राहिले. कोणी पतंगासारखं उडत नव्हतं. किसनने जीव लावला, लखनला दोनदा मातीवर आणला, पण तो पंपासारखा गडी दोन्ही वेळा निसटला. शेवटी लखनने त्याला खाली दाबून इंचाइंचाने उलटवला. पाठ टेकली. लोकांना कळायलासुद्धा वेळ लागला.

मी अण्णांकडे पाहिलं. प्लॉट गेला, असं माझं मत झालं होतं. अण्णा उठले, किसनची पाठ थोपटली आणि ठाकूरजींच्या हातचा साफा घेऊन स्वतः लखनला बांधला.

ठाकूरजींनी खिशातून तो अंक काढला आणि सगळ्यांसमोर एकेक वाक्य तपासायला घेतलं.

"किसन जीता? नहीं. कलाजंग लगा? नहीं. सेठजी रोए?"

सगळ्यांनी शेठजींकडे बघितलं. साफा बांधून होईपर्यंत जागे असलेले शेठजी आता खुर्चीत गाढ झोपले होते.

"नहीं रोए!" ठाकूरजींनी अंक मिटला. "इसमें जो छपा है, उसमें से एक बात नहीं हुई. मतलब कुश्ती सच्ची थी, और उस्ताद भी."

माझ्या पत्रकारितेचा पुरावा म्हणून झालेला हा एकमेव उपयोग.

टाळ्यांनी शेठजी जागे झाले. त्यांनी डोळे चोळले आणि तिथल्या तिथे प्लॉट अण्णांना देऊन टाकला. पप्पूही महूपर्यंत आला होता. त्याने विचारलंच, "सेठजी, हारने वाले को?"

"तो तुझे दूँ?" शेठजी म्हणाले. "तेरे को बिठाया तो तू कोर्ट जाएगा. इस आदमी ने आज हार मानी, और मुँह भी नहीं बनाया. मिल बंद हुई तब भी ये लोग चुपचाप निकल गए थे. कल को जगह वापस चाहिए होगी तो ये खाली तो कर देगा!"

लोक हसले. अण्णाही हसले, पण जरा उशिरा. मग म्हणाले, "शेठजी, मिलमधून एकदा निघालो. दुसऱ्यांदा तेवढा सोपा नाही जाणार." शेठजींना मराठी कळत नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

आठवडाभरात हातगाड्यांवरून आखाड्याची माती नव्या जागी आली. मीही हातगाडी ढकलली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण चढावर मागून एक हात लावला. त्या संध्याकाळी मंदाने मला गरम जेवण वाढलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अण्णा आपण होऊन माझ्याशी बोलले.

"जावईबापू, फाटकावर पाटी लावायची आहे. तुमचा लिहिण्याचा धंदा. मजकूर बघून द्या."

मी भारावलो. उस्तादांचं नाव, आखाड्याचं नाव, स्थापना, सगळं डोक्यात रचून कागद पुढे ओढला. अण्णांनी सांगितलं, मी लिहीत गेलो. पाटी आजही तिथे आहे: 'अखबारवाले कुश्ती खत्म होने के बाद ही अंदर आएँ.'

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या ज्या मजकुराबद्दल वाचकाची एकही तक्रार आली नाही, असा तो एवढाच.