कडीला लोंबकळून

कापडाला नुसतं भोक पाडून दोर ओवला की ओढ बसताच ते फाटत जातं. म्हणून भोकात पितळी कडी ठोकतात. सगळी ओढ एका धाग्यावर येऊ न देणं, एवढंच तिचं काम. पण नीट न बसलेली कडी नसलेलीच बरी. नसली तर निदान माणूस तिच्या भरवशावर राहत नाही.

एकोणीसशे पन्नास साल उलटलं त्या सुमाराला बाबा कोलशेतला खाडीतून मीठ वाहणाऱ्या मचव्यांची शिडं शिवायचे. आई गेल्यापासून शिवणीला मी मदत करायचे. कड्या मात्र ते स्वतःच ठोकत, आणि कोपऱ्याच्या कडीला लोंबकळल्याशिवाय शीड देत नसत. शीड घराच्या तुळईला बांधायचं, कडीत दोर घालायचा, दोर धरून पाय उचलायचे आणि वीस मोजायचे. "मला पेललं म्हणजे वाऱ्यालाही पेलेल," असं म्हणायचे. मचवे हाकणारे तांडेल तेवढ्यावर शीड उचलत. बाबा धिप्पाड होते, तुळई करकरायची.

मग त्यांना छातीचं दुखणं लागलं. दिवाळीपर्यंत सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसू लागला. दोन घावांत बसणारी कडी सहा घाव खाऊ लागली. लोंबकळणं चालूच होतं, पण तुळई आता गप्प असायची. मला कळत होतं. सांगायचं ठरवून मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा ठेवू का म्हणून विचारलं. त्यांचं मन मोडवत नाही, असं तेव्हा स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मी भित्री होते, दुसरं काही नाही.

शिमग्यानंतर एक तांडेल दारात आला. हातात शिडाचा फाटका कोपरा.

"कडी सुटली, दादा. शिडाचा वासा फिरला नि माझ्या भावाच्या डोक्यात बसला. गेला तो."

"अरे, मी स्वतः लोंबकळलो होतो," बाबा म्हणाले.

तांडेलाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, तो कोपरा उंबऱ्यावर ठेवला आणि तो निघून गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात दुसरं शीड तयार होतं. बाबांनी ते तुळईला बांधलं, लोंबकळले, वीस मोजले. कडी हलली नाही. मग दोर माझ्या हातात दिला.

"आता तू."

"बाबा, राहू दे ना."

"पाय उचल."

मी पाय उचलले. त्यांनी सातपर्यंत मोजलं आणि कडी कापडातून उपटून आली. मी जमिनीवर आदळले. त्यांनी कडीकडे पाहिलंसुद्धा नाही. धापा टाकत माझ्याजवळ खाली बसले.

"तुला कधीपासून ठाऊक होतं गं?"

"दिवाळीपासून," मी म्हटलं.