बर्फाच्या शोधात उत्तरेला गेलो आणि बर्फ शॉमबर्गला पडला

यंदाचा हिवाळा इतका फुसका निघाला की फेब्रुवारी उजाडला तरी शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गमध्ये लोक नुसत्या स्वेटरवर कुत्री फिरवत होते. सगळे खूश, मी मात्र चिडलेली. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या बाईला बर्फाचं एवढं काय, असं माझा नवरा विचारतो. पंधरा वर्षं इलिनॉयचे हिवाळे काढल्यावर ते मला माझे वाटतात, आणि आपल्या माणसाने असं नाव घालवलं की राग येतोच. जर्सी सिटीची मावसबहीण दोन बोटं बर्फ पडला की फोटोंचा रतीब घालते. यंदा तिला उलट पाठवायला माझ्याकडे एकही फोटो नव्हता.

या रागात मला साथ देणारे दोघं आहेत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'हिमवेडे'. एक अरविंदकाका, मूळचे मिरजेचे, आता रिटायर्ड डॉक्टर. हवामान खात्याला रोजचा पाऊस आणि बर्फ मोजून कळवणारे जे हौशी लोक असतात, त्यांतले ते फार जुने. मागच्या अंगणात त्यांची पांढरी रंगवलेली प्लायवुडची फळी असते. गवतावर बर्फ मोजला तर आकडा फुगतो, म्हणून फळी. दर सहा तासांनी मोजायचं आणि फळी साफ करायची. दुसरा मिहिर, पुण्याचा, मॅडिसनला हवामानशास्त्रात पीएचडी करतोय. त्याने इथे आल्यापासून दोनच हिवाळे पाहिले आणि दोन्ही रडके, त्यामुळे आमच्या ग्रुपमध्ये त्याला फारसा मान नाही.

काकांनी घर विकलं होतं. मार्चअखेर ते आणि सुनंदाकाकू मुलीकडे, टेक्ससमध्ये अर्विंगला कायमचे राहायला जाणार होते. "जाण्याआधी एक तरी धड वादळ मोजून जाईन," एवढीच त्यांची इच्छा होती. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, फळी कोरडीच. काका तोंडाने काही बोलत नसत, पण ग्रुपवर त्यांचे मेसेज कमी झाले होते आणि मला ते बघवत नव्हतं.

मग मिहिरचा फोन आला. "ताई, काकांना सांग, सगळी वेदर मॉडेल्स सेम बोलतायत. शनिवारी मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलावर बंपर स्नो. शिकागोला नुसते ढग. चला ना यार, जाऊच!"

काकांनी दोन दिवस घेतले. खिडकीतून आभाळ बघत ते म्हणाले, "मला ही वादळाची सिस्टिम जरा खाली, दक्षिणेला घसरेल असं वाटतंय." पण शेवटी मॉडेलसमोर त्यांनी हार मानली. "वाट बघून कंटाळलो. चला, आपणच त्याला भेटायला जाऊ."

काकू खोक्यांवर चिकटपट्टी लावत होत्या. "इतकी वर्षं घरी बसून मोजलात, आता शोधायला निघालात," असं म्हणत त्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला. बर्फाबद्दल त्यांचं मत सगळ्यांना ठाऊक आहे. मोजला काय न मोजला काय, उचलावा तर लागतोच.

शुक्रवारी सकाळी निघालो. तुम्ही जाणार असाल तर रस्ता सोपा आहे. रॉकफर्डपर्यंत टोलचा आय-९०, मग मॅडिसनवरून आय-३९ ने सरळ उत्तर. वॉसॉ सोडलं की गावं विरळ आणि पाइनची झाडं दाट होत जातात. इगल रिव्हरला पेट्रोल भरून घ्या. पुढे आमच्या मुक्कामाच्या हॉटनपर्यंत पंप कमी आणि फोनला रेंज त्याहून कमी. थांबत थांबत आठेक तास लागतात. वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं, हे आम्ही विसरलो आणि पहिल्या रात्री जेवणाची ठिकाणं बंद झाल्यामुळे काकूंच्या पुऱ्या संपवल्या.

मॅडिसनला मिहिर गाडीत बसला आणि हिवाळ्यांच्या गप्पा सुरू झाल्या. या गप्पांत खोटं बोलायचं नाही, पण हात राखूनही बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. मी ध्रुवीय थंडीचा तो आठवडा काढला. उकळतं पाणी हवेत फेकलं तर खाली पडायच्या आत त्याचा बर्फाचा भुगा झाला होता आणि गराजचं दार उघडेना. काकांनी शांतपणे एकोणऐंशी सालचा जानेवारी काढला. तेव्हा ते शिकागोत नुकतेच आलेले रेसिडेंट डॉक्टर होते.

"गाड्या कुठे आहेत हे अँटेनावरून ओळखायचं," काका म्हणाले. "मी हॉस्पिटलला चालत गेलो. बदली माणूस येईना, म्हणून तिथेच राहिलो. आणि शिकागोच्या महापौरांची खुर्ची त्याच बर्फात गेली, ठाऊक आहे? रस्ते साफ झाले नाहीत म्हणून लोकांनी निवडणुकीत घरी बसवलं!"

"काका, आम्हाला असं काहीच मिळणार नाही का?" मिहिर म्हणाला. तो इतक्या कळवळून म्हणाला की मी त्याची थट्टा करायची राहिले.

शनिवारी सकाळी हॉटनचा वर उचलला जाणारा पूल ओलांडून उत्तरेला गेलो. मोहॉक गावापुढे हायवेच्या कडेला एक उंच खांब आहे, तिथल्या हिवाळ्यांच्या बर्फाचं माप दाखवणारा. याच्यासाठी तरी जाच. खांबाच्या टोकाशी जी विक्रमाची खूण आहे, ती अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या हिवाळ्याची. बत्तीस फुटांच्या वर! काका मान वर करून बघत राहिले. "म्हणजे आमचा हिवाळा इथेही पहिलाच आला," ते म्हणाले आणि मुलाचा निकाल लागल्यासारखे फुलले. त्यांना खांबाखाली उभं करून मी फोटो काढला. यंदाचा काटा कुठे होता ते लिहीत नाही, त्या गावाचीही अब्रू आहे.

आणि मग पाऊस सुरू झाला. हो, पाऊस. लेक सुपीरियरच्या काठावर, फेब्रुवारीत, पिरपिर पाऊस. मिहिर दर पाच मिनिटांनी रडार उघडत होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

आम्ही एका दुकानात पास्टी खायला शिरलो. पास्टी म्हणजे खाणकामगारांचं जुनं खाणं, तळहाताएवढ्या जाड करंजीत बटाटा, कांदा आणि मांस. भाज्यांचीही मिळते. मीठ-मिरी मागून घ्या, आणि लसणाची चटणी सोबत असेल तर उत्तमच. दुकानातल्या बाईने विचारलं, कुठून आलात? शिकागोहून, बर्फ बघायला, असं सांगितल्यावर ती पोट धरून हसली. "अहो, तो तर तुमच्याकडेच निघालाय," असं म्हणून तिने भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं. नकाशावरचा निळा पट्टा विस्कॉन्सिन सोडून खाली घसरला होता, थेट आमच्या घरांवर.

त्याच वेळी काकूंचा फोन आला. काकांनी स्पीकरवर घेतला.

"अहो, इथे पडायला लागलाय. मोठाले तुकडे. समोरचं घर दिसत नाही."

काका म्हणाले, "अगं, पडू दे. तू बाहेर जाऊ नकोस. घसरशील."

"आणि फळी?"

"राहू दे फळी. एक वादळ नाही मोजलं तर काय होतंय?"

काय होतंय हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मिहिरच्या डोळ्यांत पाणी आलं. "सॉरी काका. तुम्ही बोलला होतात, खाली घसरेल म्हणून." काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, मी बोललो आणि तरी आलो. जास्त मूर्ख कोण?" पण आवाज नेहमीचा नव्हता. लगेच निघू या, असं ते म्हणाले. अंधारात, वादळाच्या तोंडात गाडी घालायला मी साफ नकार दिला. हिवाळ्याचा अभिमान वेगळा आणि अक्कल गहाण टाकणं वेगळं.

संध्याकाळी मोटेलच्या खोलीत बसलो असताना काकांच्या फोनवर फोटो आला. पांढरी फळी, तिच्यावर उभी पट्टी, आणि पट्टी धरलेला काकूंचा बागकामाचा हातमोजा. मागोमाग आणखी दोन. काकांनी फोन लावला.

"तीन ठिकाणी कशाला मोजलंस?"

"सरासरी काढायला. तुम्हीच जेवायला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगता ना? इतकी वर्षं ऐकतेय, कान आहेत मला. आता फळी साफ केली. पुढचं माप सहा तासांनी. ठेवा फोन, पोळी तव्यावर आहे."

काकांनी फोन ठेवला आणि खिशातून रुमाल काढला. "बघितलंत?" एवढंच ते म्हणाले. मग मोटेलच्या लॉबीत कॉफी प्यायला आलेल्या एका अनोळखी जोडप्यालाही त्यांनी ते तिन्ही फोटो दाखवले.

रविवारी उजाडताच परत फिरलो. मॅडिसनला मिहिर उतरायला तयार होईना, "खरा स्नो बघितल्याशिवाय नाही" म्हणाला, म्हणून तो तसाच पुढे आला. रॉकफर्डच्या अलीकडे जमीन पांढरी होत गेली आणि बेल्विडिअरपासून आभाळच खाली आलं. बर्फ हटवायचा नांगर लावलेल्या ट्रकच्या मागे मी गाडी हळूहळू चालवत होते. मागे मिहिर खिडकीला नाक लावून बसला होता. काका शेजारी ताठ बसून प्रत्येक गावाला म्हणत होते, "आहे, अजून आहे. संपलेला नाही."

शॉमबर्गला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि बर्फ अजून भुरभुरत होता. काका बूट न काढता घरातून थेट मागच्या दाराशी गेले. काकू लोकरी टोपी घालून फळीपाशी वाकल्या होत्या. काकांनी पट्टीसाठी हात पुढे केला.

काकूंनी पट्टी दिली नाही. "वादळ संपेपर्यंत माणूस बदलायचा नसतो, मापात फरक पडतो. हे पण तुम्हीच सांगता. छत्री धरा, पट्टीवर पडतंय."

काकांनी छत्री धरली. काकू आकडा म्हणाल्या, तो मिहिरने टाइप केला आणि निरीक्षकाच्या जागी काकांनी त्याला 'सुनंदा' लिहायला लावलं. मी दारात उभी राहून रडत होते, हे सांगायला मला काही लाज वाटत नाही.

मार्चमध्ये ते अर्विंगला गेले. त्यांच्या घरात आता कोणी दुसरं राहतं आणि तिकडून गाडी नेताना मी अजून मान वळवते. हिशोबाने पाहिलं तर हा हिवाळा रडकाच, एका वादळाने त्याची पत सुधारत नाही. प्रवासही फसलाच म्हणायचा, तरी पास्टी आणि तो खांब यांच्यासाठी मी पुन्हा जाईन. पण मिडवेस्टमध्ये राहते हे सांगताना माझी मान यंदा जरा जास्तच ताठ असते, आणि त्याचं कारण आकड्यात नाही.

मे महिन्यात कामासाठी डॅलसला गेले, तेव्हा जवळच अर्विंगला त्यांच्याकडे जेवायला थांबले. बाहेर घाम फुटत होता. मुलीच्या ओळखीचे चार लोक आले होते आणि काका त्यांना आपल्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वादळ सांगत होते. हेच, ज्यातलं बहुतेक त्यांनी पाहिलंच नाही. "समोरचं घर दिसत नव्हतं," ते छाती काढून सांगत होते. "वारा ईशान्येचा..."

"उत्तर-ईशान्य," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

काका थांबले, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि म्हणाले, "उत्तर-ईशान्य."