पालकाची सही

परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा अर्ज मी धुळ्याहून आणला, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पदरी चार वर्षांची मुलगी. लग्नाआधी सातवी पास झाले होते, तेवढीच पुंजी. अर्जाच्या शेवटी एक रेघ होती: पालकाची सही.

"माझा पालक कोण?" मी खिडकीतल्या कारकुनाला विचारलं.

"वडील, नाहीतर नवरा."

"दोघंही वारले."

"मग घरातला कोणी पुरुष." त्यानं मानही वर केली नाही.

घरातला पुरुष म्हणजे माझा दीर. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, सातवीत तीनदा आपटलेला. त्याची गणितं मीच सोडवून द्यायचे. आता तो दिवसभर पिंपळनेरच्या बसथांब्यावर पान चघळत बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या चारित्र्यावर निकाल देई. हा माझा पालक!

अर्ज त्यानं आधी उलटा धरला. "वहिनी, तुले आठे काय कमी शे? धुयाले जाईसन बाया बिघडतीस." इथं काय कमी आहे, धुळ्याला जाऊन बाया बिघडतात, हा त्याचा निकाल. मग घडी करून खिशात घातला. "इचार करसू."

आठ दिवस तो विचार करत होता. त्याला विचार करताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मुदतीला दोन दिवस उरले असताना धुवायला टाकलेल्या त्याच्या सदऱ्यात मला अर्ज सापडला, पानाच्या डागांसकट.

सासूबाई चुलीपुढे होत्या. "पालक म्हंजे काय व?"

"घर सांभाळतो तो."

"मंग त्यानी सही कसाले? त्याले बी मीच संभाळस." तव्याच्या बुडाची काजळी अंगठ्याला लावून त्यांनी रेघेवर ठसा उठवला.

"बाईचा अंगठा चालत नाही," कारकून म्हणाला.

"पुरुषच हवा असं कुठं छापलंय, दाखवा."

त्यानं कागद वाचला, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. आतल्या साहेबांना विचारून आला आणि तोंड वाकडं करून शिक्का मारला. साहेबांना न्याय सुचला नव्हता. त्यांचा चहा निवत होता.

वसतिगृहात मूल चालत नव्हतं. मुलगी सासूबाईंकडे राहिली. दिवाळीत घरी गेले तर ती माझ्याकडे यायलाच तयार नव्हती. आजीच्या पदराआडून परक्या बाईकडं बघावं तशी बघत राहिली.

शिक्षण संपून मला दवाखान्यात नेमणूक मिळाली, तेव्हा दीर थांब्यावर सगळ्यांना सांगत होता, "वहिनीले मीच शिकाडं." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या एकालाही ते खोटं वाटलं नाही, याची मला अजून शिसारी येते.